बहामनीतून बेरार फुटून निघालं, आता त्याच्याशी कसं वागायचं?

अचलपूर तालुक्यातल्या एका कॉलेजच्या मुलानं 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल मला विचारलंय. त्यात इतिहासातलं एक राज्य घेऊन ते नकाशावर चालवायचं असतं. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत थोडक्यात असा: "ताई, बहामनी घेऊन खेळून राह्यलो. १५१० पर्यंत सगळं बरोबर होतं. माळव्याशी लढाई चालू असतानाच वऱ्हाडात बंड झालं अन् बेरार नावाचा नवाच देश नकाशावर आला. त्यानं गोंडवाना अन् खानदेशाशी दोस्ती करून टाकली. वरून मुघल तयार होऊन राह्यले. लगेच चढाई करू का थांबू? एक फुटला, आता उरलेलेही फुटतीन असं वाटते."

लगेच चढाई करू नकोस. आधी माळव्याशी तह करून मोकळा हो, घरातली अशांतता खाली आण, आणि माळव्याचा ट्रूस, म्हणजे तहानंतरचा लढाईबंदीचा काळ, संपायच्या आत बेरारचा निकाल लाव. तो निकाल पूर्ण असू दे. अर्धा प्रांत घेतला, अर्धा सोडला, असं करू नकोस. बाकी सगळं उत्तर म्हणजे हे असं का आणि कसं, एवढंच आहे.

नवा देश दिसला की बहुतेक खेळणारे आधी त्याचं सैन्य मोजतात. मी सांगेन, स्पेसबार दाबून खेळ थांबव आणि आधी त्याच्या आजूबाजूचे देश पाहा. आमच्या गावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरं हा खेळ खेळतात, त्यांना मी वहीत तीन रकाने आखायला लावते. पहिल्यात, हा देश कोणाच्या अंगातून निघाला. दुसऱ्यात, याच्या जमिनीवर कोणाकोणाची नजर आहे. तिसऱ्यात, याला सगळ्यात जास्त भीती कोणाची. मागे एका मुलीनं असाच तक्ता काढला होता. तिच्या खेळात माळव्यातून फुटलेला एक छोटा देश होता आणि ती त्याच्यावर सैन्य गोळा करत होती. दुसऱ्या रकान्यात गुजरात, माळवा आणि दिल्ली अशी तीन नावं आली आणि तिसऱ्यातही तीच तीन. तिचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. तिनं सैन्य मागे घेतलं, राजदूत पाठवला, आणि तो देश शेवटपर्यंत तिच्या बाजूनं लढला. वही उघडली नसती तर तिनं स्वतःच्या हातानं एक चांगला मित्र संपवला असता.

तुझ्या तक्त्यात मात्र पहिल्याच रकान्यात तुझं नाव आहे. बेरार तुझ्यातून फुटलंय, त्या प्रांतांवर तुझे कोअर, म्हणजे हक्काच्या जमिनीचे शिक्के, आहेत, आणि हे त्याला पक्कं माहीत आहे. भावाभावांत वाटणी झाली की धाकटा गावात सगळ्यांशी गोड बोलतो, पण धुऱ्याकडे मोठ्याचा बैल आला की लगेच काठी उचलतो, तसंच हे. म्हणून तर त्यानं पहिल्या दोन वर्षांत गोंडवाना आणि खानदेश गाठले. डिप्लोमसीच्या पानावर त्याची वृत्ती बघ. तिथं 'थ्रेटन्ड' लिहिलेलं असेल तर तो घाबरलेला आहे आणि अजून मित्र शोधतोय. 'होस्टाइल' असेल तर त्याला तुझी जमीन हवी आहे आणि राजदूत पाठवून पैसे-वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्याच पानावर युतीच्या प्रस्तावावर माउस धरलास की कोणत्या कारणाचे किती अंक तुझ्या बाजूनं आणि किती विरुद्ध, हे हिरव्या-लाल आकड्यांत दिसतं. ते आकडे न वाचता घेतलेला निर्णय हा नुसता अंदाज असतो.

आता बंड का झालं, तेही बघ. हे सोडलंस तर उद्या अहमदनगर निघेल आणि परवा गोवळकोंडा. इतिहासातही तेच झालं. बहामनी राज्याचे मुळात चार तरफ, म्हणजे सुभे, होते. वजीर महमूद गवाननं त्यांचे आठ केले, कारण सुभेदार फार मोठे झाले होते. आपल्या वऱ्हाडाचे त्यात गाविलगड आणि माहूर असे दोन भाग झाले. विचार योग्य होता, पण दरबारात दख्खनी आणि परदेशी अमीरांची चुरस इतकी टोकाला गेली होती की १४८१ मध्ये सुलतानानं गवानलाच ठार करवलं. त्यानंतर दहा वर्षांच्या आत सुभेदार मोकळे झाले. १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्कनं वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही उभी केली, राजधानी अचलपूर. तुझ्याच तालुक्याचं गाव. केंद्र दुबळं झालं तेव्हा कडेचे प्रांत गळाले, आणि खेळातही मुळात हाच हिशोब आहे.

खेळात अशांततेची कारणं प्रांतावर माउस धरला की एकेक करून दिसतात. तुझ्या बाबतीत तीन गोष्टी असणार असं मला वाटतं. पहिली, लांबलेल्या लढाईनं चढलेलं वॉर एक्झॉशन, म्हणजे लढाईचा थकवा. दुसरी, मुसलमान दरबार आणि बहुसंख्य हिंदू प्रजा, त्यामुळं कमी असलेली धार्मिक एकजूट. तिसरी, मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन संस्कृतींपैकी काही न स्वीकारलेल्या. वॉर एक्झॉशन डिप्लोमॅटिक पॉइंट (खेळात साठणारे राजनैतिक अंक) देऊन उतरवता येतं, तह झाल्यावर ते आधी कर. मराठी संस्कृती स्वीकारलेली नसेल तर ती स्वीकार. डिप्लोमॅटिक पॉइंट जातात, पण तुझं निम्मं राज्य त्यावर बसलेलं आहे. जिथं बंडखोरांची पट्टी भरत आलीय तिथं स्वायत्तता वाढव. २५ टक्के स्वायत्तता वाढते, अशांतता दहानं उतरते. त्या प्रांताचा कर काही वर्षं कमी येईल, पण नवा देश निघण्यापेक्षा ते परवडलं. माळव्याचे नवे प्रांत घेतले असशील तर हेही ध्यानात ठेव की नव्यानं जिंकलेल्या प्रांतावर ३० वर्षांचा फुटीरपणा चढतो. दर वर्षाला अर्धा अंक, म्हणजे सुरुवातीला १५ अंकांची अशांतता एकट्या त्यातून येते. ओव्हरएक्स्टेन्शन, म्हणजे कोअर नसलेल्या नव्या जमिनीचा बोजा, शंभराच्या वर गेलं तर त्यात आणखी भर पडते. माळव्याकडून मोठा तुकडा तोडायचा मोह या तहात आवर.

तह छोटा ठेवायला दुसरंही कारण आहे. ट्रूस किती वर्षांचा, हे किती घेतलं त्यावर ठरतं. काहीच न घेता केलेल्या तहाचा ट्रूस पाच वर्षांचा, पूर्ण पिळून घेतलेल्या तहाचा पंधरापर्यंत जातो. तुला हवा तेवढा मधला ट्रूस मिळवायचा, म्हणजे एखादा प्रांत आणि थोडे पैसे घेऊन मोकळं व्हायचं. तेवढ्या काळात माळवा तुझ्यावर येऊ शकत नाही, आला तर त्याचं स्थैर्य कोसळतं. तुझ्या विरुद्ध कोअलिशन, म्हणजे घाबरलेल्या शेजाऱ्यांची आघाडी, झालं तरी ट्रूस असेपर्यंत माळव्याला त्यात शिरता येत नाही. माळव्याची बाजू अशी शांत असतानाच बेरारचं काम उरकायचं.

बेरारशी लढाईसाठी तुझ्याकडे आयता रिकॉन्क्वेस्टचा कॅसस बेली, म्हणजे आपली जमीन परत घ्यायचं लढाईचं कारण, आहे, कारण कोअर तुझेच आहेत. याचा मोठा फायदा असा की स्वतःचे कोअर परत घेताना ॲग्रेसिव्ह एक्सपॅन्शन (एई, म्हणजे जमीन घेतल्यामुळं शेजाऱ्यांच्या मनात साठणारा राग) फक्त चौथा हिस्सा लागतं. एई पन्नासच्या वर गेलेले शेजारी कोअलिशनमध्ये जायला मोकळे होतात आणि ते एई मुळात वर्षाला दोनच अंकांनी उतरतं, हे तुला माहीत असेलच. म्हणून हा स्वस्त कॅसस बेली हातात असताना दुसरं कारण काढून लढाई करायची नाही.

लढाई जाहीर करायच्या पानावर बेरारच्या मित्रांपुढे हिरवी खूण आहे की लाल फुली, ते रोज नाही तरी दर महिन्याला बघत राहा. कर्जात बुडालेला किंवा दुसऱ्या लढाईत अडकलेला मित्र बऱ्याचदा येत नाही. खानदेश गुजरातच्या दाढेत असतो, त्यामुळं त्याची लाल फुली लवकर येण्याचा संभव जास्त. गुजरातशी तुझी युती जमत असेल तर आधी जमव, खानदेशाचं लक्ष आपोआप तिकडं जातं. गोंडवाना मात्र जंगल आणि डोंगरात बसलेला आहे. त्याच्या डोंगरी प्रांतात घुसून लढू नकोस. त्याला तुझ्या मैदानात येऊ दे आणि तिथं गाठ. आणि दोघांपैकी कोणालाही को-बेलिजरंट, म्हणजे बरोबरीचा शत्रू, करू नकोस. त्या चौकोनात खूण केली की त्यांचे मित्रही लढाईत येतात आणि एका सुभ्याची लढाई अख्ख्या मध्य हिंदुस्थानची होते.

लढाई जिंकत आलास की आधी खानदेश आणि गोंडवाना यांच्याशी वेगवेगळा तह कर. त्यांच्याकडून जमीन घेऊ नकोस. बेरारशी असलेला करार मोडायला लाव आणि वॉर रिपॅरेशन्स घे, म्हणजे दहा वर्षं त्यांच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा तुझ्याकडे येत राहील. जमिनीपेक्षा या वेळी मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यांच्या मनात तुझ्याबद्दल नवा राग भरत नाही आणि मुघल आल्यावर तुला हेच दोघे शेजारी म्हणून लागणार आहेत.

उरलं बेरार. इथं पोरं सगळ्यात जास्त चुकतात. त्यातले दोन श्रीमंत प्रांत घेतात आणि दोन त्याच्याकडे सोडतात. असा अर्धवट उरलेला देश सगळ्यात वाईट. तो तुझ्या हातातल्या प्रांतांवर स्वतःचे कोअर धरून बसतो, जो कोणी तुझ्याशी लढेल त्याच्या मांडीवर जाऊन बसतो, आणि त्याच्या नावाचे फुटीर तुझ्या प्रांतांत उठतच राहतात. राजदूत कितीही पाठवले तरी ती अढी जात नाही. म्हणून एकतर पूर्ण घे, नाहीतर पूर्णच्या पूर्ण व्हॅसल, म्हणजे मांडलिक, कर.

यातलं कोणतं? बेरार तीनचार प्रांतांचं असेल, मुघल अजून दिल्लीच्या खाली आले नसतील आणि तुझ्या घरची अशांतता उतरली असेल, तर पूर्ण घे. तुझेच कोअर असल्यामुळं कोअरिंगचा खर्च नाही. पण यांपैकी एखादी गोष्ट जमत नसेल तर व्हॅसल कर, आणि तुझ्या वर्णनावरून मला तेच बरं दिसतं. व्हॅसल झालेलं बेरार स्वतःची अशांतता स्वतः सांभाळतं, स्वतःचं सैन्य स्वतःच्या खर्चानं उभं करतं, आणि उत्तरेची सीमा त्याची असल्यामुळं पहिला वेढा त्याच्या किल्ल्याला पडतो. तेवढ्या वेळात तुझं सैन्य पोचतं. गाविलगडाचा खरा उपयोगही शतकानुशतकं हाच होता. चिखलदऱ्याला जाताना परतवाड्याच्या पुढं घाट चढायला लागलं की कळतं, उत्तरेकडून सातपुडा उतरून वऱ्हाडाच्या मैदानात येणाऱ्याला ती वाट किती जड आहे.

व्हॅसलला मात्र वाऱ्यावर सोडायचं नाही. त्याचं लिबर्टी डिझायर, म्हणजे मोकळं व्हायची इच्छा, ५० च्या वर गेलं की तो बेभरवशाचा होतो, आणि बाहेरचा कोणी त्याच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देऊ लागला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सगळ्या व्हॅसलांची एकत्र ताकद तुझ्याशी ताडून हा आकडा वाढतो, म्हणून स्वतःचं सैन्य लढाईनंतर फार काळ निम्मं ठेवू नकोस. एक राजदूत कायमचा अचलपूरला बसव. त्याचं कर्ज फेडायची वेळ आली तर फेड. दहा वर्षं झाली आणि त्याचं मत १९० च्या वर गेलं की शांतपणे विलीन करून घेता येतं. घाई नसली तर तेही करू नकोस, मुघलांचा जोर ओसरेपर्यंत त्याला तिथंच राहू दे.

तिसरा एक मार्ग पुष्कळ जण सुचवतील: बेरारला हात न लावता मध्ये ठेवायचं, मुघलांकडून धोका आला तर त्याच्या स्वातंत्र्याची हमी घ्यायची. ज्या देशासाठी तू हमी नसतानाही लढला असतास त्याचीच हमी घे. हमी दिली की लढाईचा दिवस मुघल ठरवतात. त्यांना तू दक्षिणेत विजयनगरशी अडकलेला दिसलास की ते बेरारवर येतील आणि तुला दोन्हीकडे लढावं लागेल. शिवाय तुझ्यातूनच फुटलेला देश तुझ्या हमीनं तुझा होत नाही.

मध्ये उरलेल्या छोट्या राज्याचं काय होतं हे वऱ्हाडानं पाहिलेलं आहे. १५६५ मध्ये तालिकोटला विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर असे चौघे विजयनगरविरुद्ध एकत्र आले. बेरार त्यात नव्हतं. सगळ्यांचा समान शत्रू संपल्यावर चौघांची नजर मोकळी झाली, आणि १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहानं बेरार गिळून टाकलं. तेव्हा तिथं वजीर तुफाल खान सत्ता बळकावून बसला होता आणि खरा सुलतान कैदेत होता, म्हणजे आतूनही ते पोखरलेलंच होतं. पुढं १५९६ मध्ये अहमदनगरला तेच वऱ्हाड मुघलांना द्यावं लागलं. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश गेला. १६३६ ला निजामशाही, १६८६ ला विजापूर, १६८७ ला गोवळकोंडा. एका राज्याचे पाच तुकडे झाले होते, आणि त्यातला एकही मुघलांपुढं टिकला नाही. तू बहामनी खेळतोयस, बेरार सोडलं तर बाकीचे चार अजून तुझ्या पोटात आहेत. ते तसेच ठेवणं हाच मुघलांविरुद्धचा तुझा सगळ्यात मोठा बचाव आहे.

मुघलांची गोष्ट बेरारपेक्षा वेगळी आहे. बेरार बंडातून निघालं, मुघल एका आधीच्या देशानं नाव आणि रूप बदलून होतात. त्यामुळं जन्माच्या दिवशी ते दुबळे नसतात, उलट तेव्हापासून त्यांच्या अंगात जोर येतो. हिंदुस्थानभरच्या प्रांतांवर त्यांना क्लेम, म्हणजे दावे, मिळतात, आणि जिंकलेल्या संस्कृती पचवून घ्यायची खास सवलत त्यांच्या राज्यपद्धतीत आहे. म्हणजे नव्या प्रांतांच्या अशांततेवर ते स्वतःच कोसळतील, ही आशा त्यांच्या बाबतीत धरू नकोस. त्यांना थांबवायची खरी वेळ त्यांचं रूप पूर्ण व्हायच्या आधीची. दिल्ली, जौनपूर किंवा पंजाबातला जो कोणी त्यांच्या वाटेत उभा असेल त्याला पैसे पाठव. युती जमली तर कर, पण त्याच्या लढाईत ओढला जाऊन गंगेपर्यंत चालत जाऊ नकोस.

आणि एकदा ते मोठे झाले की त्यांना फोडायचं हत्यार वेगळं आहे. नवे देश नेहमी तुझ्याविरुद्धच जन्मावेत असं कुठं आहे? समज मुघलांनी माळवा गिळला. माळव्याचे कोअर त्या प्रांतांवर तसेच राहतात, आणि देशाच्या मूळ संस्कृतीचे कोअर तर फारच उशिरा मिटतात. मुघलांशी पहिल्या लढाईत माळव्याचा कोअर असलेला एकच प्रांत घे. फार नको, तुझ्या सीमेला लागून असलेला एखादा. तो घेतला की माळव्याला तिथंच व्हॅसल म्हणून पुन्हा उभं कर. आता मुघलांच्या हातातल्या उरलेल्या माळव्यावर तुझ्या व्हॅसलचे कोअर आहेत, म्हणजे पुढच्या लढाईत रिकॉन्क्वेस्टचा कॅसस बेली तुला त्याच्या नावानं मिळतो. प्रांत त्याला परत मिळतात, एई तुला चौथा हिस्सा, कोअरिंगला तुझे पॉइंट जात नाहीत, फुटीरपणाचा त्रास नाही. दोन लढायांत माळवा पूर्ववत होतो आणि मुघलांच्या पोटात तुझा माणूस बसतो. या खेळात इतकं स्वस्तात इतकं मोठं काम दुसऱ्या कशानंच होत नाही, असं माझं ठाम मत आहे. प्रांत घ्यायच्या आधी कोअरचा नकाशा उघडून कोणत्या मेलेल्या देशाचे सगळ्यात जास्त कोअर उरलेत ते बघ, आणि तोच निवड. एका कोपऱ्यात दोनच कोअर असलेला देश उभा करून काही हाती लागत नाही.

हेच काम शत्रूच्या तहातही होतं. 'रिलीज नेशन' म्हणून जो पर्याय असतो त्यात शत्रूकडून एखादा देश मोकळा करून घेता येतो. तो तुझा व्हॅसल नसतो, पण जुन्या मालकाला त्याचे प्रांत परत हवे असतात, त्यामुळं त्या दोघांत पुढची कित्येक वर्षं चुरस राहते. तुला स्वतःला जमीन नको असेल आणि शत्रू मात्र लहान हवा असेल तेव्हा हे वापर.

आपल्याकडचा याचा सगळ्यात मोठा खेळाडू रघूजी भोसले. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान १७३९ मध्ये वारला आणि गादीवरून घरात भांडण लागलं. राणीनं रघूजीला मदतीला बोलावलं. त्यानं भांडण मिटवलं, मोबदल्यात मुलूख आणि पैसा घेतला आणि परत गेला. पुढं पुन्हा भाऊ भांडले, पुन्हा बोलावणं आलं, आणि १७४३ पर्यंत नागपूर त्याच्या हातात होतं. गोंड राजाला त्यानं काढलं नाही. गादी आणि मान त्याच्याकडे ठेवला, कारभार आपल्याकडे घेतला. राजघराण्याचा मान राहिल्यामुळं त्या मुलखाला आपण जिंकले गेलो असं एका दिवसात वाटलं नाही. तुझ्या व्हॅसल बेरारशी वागताना हे डोक्यात ठेव. त्याचा राजा, त्याचं नाव, त्याचा रंग नकाशावर राहू दे. तुला हवंय ते त्याचं सैन्य आणि त्याची सीमा.

किनाऱ्यावरून येणाऱ्यांबद्दल तू विचारलं नाहीस, पण १५१० म्हणजे ते आलेच. खेळाची कोणती डीएलसी (वेगळी विकत घ्यायची पुरवणी) आहे त्याप्रमाणे काही खेळांत युरोपी देश तुझ्या शेजाऱ्याकडून एखादा बंदराचा प्रांत विकत घेतात आणि रातोरात तुझ्या सीमेला एक नवा प्रतिस्पर्धी लागतो. समुद्रावर त्यांच्याशी लढू नकोस. जमिनीवर त्यांचं सैन्य थोडं असतं आणि घर दूर असतं, तेव्हा बंदराला वेढा घालून तिथंच निकाल लाव. ते काम बेरारनंतरचं आहे.

आपल्याकडचं एक वेगळं सांगते. तू आयर्नमॅनवर, म्हणजे मागची सेव्ह उघडून चूक सुधारता येत नाही त्या पद्धतीनं, खेळतोस असं दिसतंय. सेव्ह लिहिली जात असताना लाईट गेली तर फाईल खराब होऊ शकते, आणि भारनियमनाच्या दिवसांत रात्रीची लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लाव. लॅपटॉप असेल तर लढाई जाहीर करायच्या आधी बॅटरी भरलेली आहे का बघ. सेव्हच्या फोल्डरची एक प्रत अधूनमधून दुसरीकडे ठेव. आणि असा नाजूक काळ पाचच्या वेगानं खेळू नकोस, दोनवर ठेव. बेरारच्या मित्रांपुढची लाल फुली महिनाभरच टिकते कधी कधी, आणि वेगात ती निसटते.

तर क्रम असा धर. माळव्याशी छोटा तह, मग वॉर एक्झॉशन आणि स्वायत्तता, मग गुजरात, मग खानदेशाची लाल फुली येईपर्यंत थांबणं, मग बेरार पूर्ण. लढाई जाहीर करायच्या आधी मला तीन गोष्टी कळव: बेरारकडे नेमके किती प्रांत आहेत, तुझं एई गोंडवाना आणि विजयनगरकडे किती आहे, आणि मुघलांची सीमा नर्मदेपासून किती प्रांत वर आहे. विजयनगरकडे एई चाळीसच्या वर असेल तर बेरारला व्हॅसल करायचाही बेत एक वर्ष पुढं ढकलावा लागेल, आणि त्या वर्षात राजदूत अचलपूरऐवजी विजयनगरला जाईल.